करमाफी नक्की कोणाला? पाण्याकाठच्या सभासदांसाठी



मुनावळ्याला 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यापासून कोयनेच्या पाण्याकाठी, तापोळा-बामणोलीपर्यंत जमिनीची चौकशी वाढली आहे. 'आता पर्यटनाला करमाफी आहे, जागा द्या, तुमचाही फायदा' असं सांगणारे भेटतात. सही करण्याआधी एवढं वाचा.

राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात राज्य जीएसटीचा परतावा, वीजशुल्कात आणि मुद्रांक शुल्कात सूट आहे. खरी गोष्ट आहे. पण परतावा मिळतो कोणाला? ज्याने कर भरला त्याला. मुद्रांक शुल्क सहसा जमीन घेणारा भरतो, म्हणजे सूटही त्याचीच. त्यामुळे 'करमाफी आहे' म्हणून तुम्ही भाव कमी करायचं काहीच कारण नाही.

आता तुमचा हिशेब. समजा घराशेजारी दोन खोल्या काढल्या, रात्रीला प्रत्येकी 1500 रुपये, वर्षात 100 रात्री भरल्या. झाले 3 लाख. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीच लागत नाही. कर भरलाच नाही, तर परत काय मिळणार? (ॲपवरून बुकिंग घेतलं तर त्या खोलीवरचा जीएसटी ॲपवाली कंपनीच भरते, तो तुमच्या डोक्यावर नाही.)

इथे बऱ्याच जणांची एक चूक होते. शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ आहे, म्हणून शेतातल्या खोलीचं भाडंही माफ, असं धरून चालतात. तसं नाही. शेतातलं घर किंवा जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला दिली, तर ते उत्पन्न शेतीचं धरत नाहीत. स्ट्रॉबेरीचे पैसे वेगळे, पाहुण्यांचे वेगळे. पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेवा, चादरी-गाद्या-गॅसची बिलं जपून ठेवा. खर्च वजा करायला तीच कामाला येतात.

मग छोट्या माणसाला काहीच नाही का? आहे, पण ते दुसरीकडे आहे. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात किमान 1 एकर जमीन असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. हे प्रमाणपत्र बँकेत कर्ज मागताना दाखवता येतं. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, खाद्यपदार्थ देणार असाल तर अन्न परवाना, ही कागदं आधी गोळा करा.

भगिनींनो, तुमच्यासाठी 'आई' धोरण आहे. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. सात वर्षांपर्यंत किंवा साडेचार लाख होईपर्यंत. आमच्या मते छोट्या घरासाठी सगळ्या करसवलतींपेक्षा हे जड आहे. व्यवसाय मात्र खरोखर तुमच्या नावावर आणि तुम्हीच चालवत असायला हवा. नुसती सही घेऊन घरातले दुसरेच चालवणार असतील तर त्या भानगडीत पडू नका.

कोणी जमिनीचा करारनामा समोर ठेवला असेल, तर त्याची प्रत घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. इसार घेण्याआधी या, नंतर नको.