ठिणगीला न पुरणारी वीज

कावेरीकाठचं तिरुवैयारु आपल्याला माहीत असतं ते संगीतकार त्यागराजांच्या समाधीमुळे. कावेरीचा हा सगळा मुलूख भाताचा आणि केळीचा. एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातला. याच मुलखात जमिनीखाली तेल आणि नैसर्गिक वायूही आहे. ३० जून २०१७ रोजी तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलम गावात ओएनजीसीच्या वाहिनीला गळती लागली, कच्चं तेल शेतात पसरलं आणि गाव रस्त्यावर उतरलं. २०२० साली तमिळनाडूने कायदा करून इथल्या नव्या तेल-वायू उत्खननाला बंदी घातली. आधीची कामं मात्र चालू राहिली, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवण्याचा प्रश्नही राहिला.

पण नजर ठेवायला तेल-वायूच्या विहिरीच्या तोंडाशी विजेचं उपकरण बसवणं जोखमीचं असतं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो आणि त्यासाठी ०.२८ मिलिज्यूल एवढीशी ऊर्जा पुरते. हा धडा उद्योगजगताने फार मोठी किंमत मोजून घेतला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंघेनिद कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. इशाऱ्याच्या विजेच्या घंटीतून उडालेल्या ठिणगीवर संशय होता. पुढच्या संशोधनातून एक तत्त्व निघालं: उपकरणात वीजच इतकी कमी ठेवायची, की तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी वायू पेटवण्याएवढी ठिणगी पडूच नये.

नजर ठेवणाऱ्या बिनतारी उपकरणाला हे तत्त्व चांगलं मानवतं. लांबलचक केबल नाही, खोदकाम नाही. आत लिथियमची बॅटरी आणि प्रवाहाला लगाम घालणारे रोधक. रेडिओलहरींमुळेही धातूच्या सांगाड्यात ठिणगी पडू शकते, पण मिथेनसारख्या वायूंच्या गटासाठी मानकांनी घातलेली मर्यादा ६ वॉटची आहे आणि या उपकरणांचं प्रक्षेपण असतं साधारण १० मिलिवॉटचं. आवाज एवढा क्षीण, म्हणून प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतं. एक बंद पडलं तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या या लहरी पाणी शोषून घेतं. ओल्या, दाट केळीच्या बागेत अँटेना पानांच्या वर काढावीच लागते.

विजेच्या या काटकसरीचा तोटाही आहे. दाब मोजायला फारशी वीज लागत नाही, पण वायू ओळखणारा जुना, तापलेल्या मण्याचा संवेदक बॅटरी भराभर संपवतो. त्याऐवजी मिथेन शोषतो तो अवरक्त प्रकाश वापरणारे कमी विजेचे संवेदक घ्यावे लागतात. स्फोटाचा धोका असलेल्या जागांसाठी उपकरणांना मंजुरी देणारी एक संस्था नागपुरात आहे. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय तिथे आहे.

पुरलेल्या वाहिनीचा खरा शत्रू गंज. तो रोखायला लोखंडाला बारीक विद्युतप्रवाह देतात आणि जमिनीच्या तुलनेत त्याचा विद्युतदाब उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण ठेवतात. शेताच्या बांधावरच्या चाचणी-खांबात हे बिनतारी मोजता येतं, माणूस येईपर्यंत थांबावं लागत नाही.

तरीही बारीक गळतीत दाब जेमतेम उतरतो. खाचरात उभ्या शेतकऱ्याला वास आधी येतो, पाण्यावरचा तवंग आधी दिसतो. म्हणून मला वाटतं, नियंत्रण कक्षात वाजणारा इशारा त्याच क्षणी पंचायतीच्या फोनवरही गेला पाहिजे आणि गावाने कळवलेल्या वासाची नोंद उपकरणाच्या आकड्याशेजारी झाली पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड काही नाही. वाहिनी ज्यांच्या शेताखालून जाते, त्यांचा तो हक्क आहे.