भीती सकारण आहे काय?

१९८७ साली श्रीलंकेतील सहा तमिळ व्यक्तींनी ब्रिटनकडे आश्रय मागितला. जुलै १९८३ मधील तमिळविरोधी दंगलींनंतर त्यांच्या देशात लष्कर आणि सशस्त्र तमिळ संघटना यांच्यात संघर्ष पेटला होता. ‘आम्ही तमिळ आहोत, परत गेल्यास आमचा छळ होईल,’ असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी त्यांचे अर्ज फेटाळले. लष्कराची कारवाई बंडखोरांविरुद्ध आहे, तमिळांचा केवळ तमिळ म्हणून छळ होत नाही, असे कारण देण्यात आले.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची ज्याला सकारण भीती आहे आणि म्हणून जो स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित होय. परंतु ही भीती सकारण आहे, हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो न्यायिक पुनर्विलोकनाच्या मार्गाने. पुनर्विलोकन आणि अपील यांतील भेद आपण परिचित उदाहरणाने समजून घेऊ. गुणपडताळणीत उत्तरपत्रिकेतील सर्व उत्तरे तपासली आहेत का, बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात मात्र उत्तरे नव्याने तपासली जातात. पुनर्विलोकन हे काहीसे गुणपडताळणीसारखे असते. निर्णय घेताना कायद्याचा योग्य अर्थ लावला का, तो विवेकाला धरून आहे का, हे न्यायालय पाहते. निर्णय करणाऱ्याच्या जागी ते स्वतः बसत नाही.

अपील न्यायालयाने अर्जदारांच्या मनातील खऱ्या भीतीला अधिक महत्त्व देऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र त्या काळी ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १६ डिसेंबर १९८७ रोजी तो फिरवला. केवळ मनातील भीती पुरेशी नाही. वस्तुस्थिती पाहता छळाची वाजवी शक्यता असली पाहिजे, असा निकष त्याने सांगितला. त्या निकषावर गृहमंत्र्यांचा निर्णय टिकला.

फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांपैकी पाच जणांना श्रीलंकेत परत पाठवण्यात आले. त्यांना अपिलाचा अधिकार होता. पण तो देश सोडल्यानंतरच वापरता येत असे. ज्या ठिकाणी जाण्याची भीती, तेथूनच दाद मागायची! मार्च १९८९ मध्ये अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने पुरावा नव्याने तपासला आणि त्यांची भीती सकारण होती, असा निर्णय दिला. त्याच वर्षी ते पुन्हा ब्रिटनमध्ये आले. परत पाठवल्यानंतर आपल्याला गैरवागणूक सोसावी लागली, असे त्यांच्यापैकी तिघांनी सांगितले.

पुढे हे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १९९१ मध्ये त्या न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवले नाही. पुनर्विलोकन हा पुरेसा उपाय आहे, असे बहुमताने म्हटले. तरीही १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने आश्रय नाकारलेल्यांना देशात राहूनच अपील करण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे दिला.

पुनर्विलोकनात टिकलेला निर्णय पुरावा नव्याने तपासताच चुकीचा ठरला. निर्णय कायदेशीर असणे आणि तो बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आश्रयाच्या प्रश्नात या दोहोंमधील अंतर माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच दाद मागण्याची संधी वेळेवर मिळणे, हाही न्यायाचाच भाग होय.