दुसऱ्याचा कान



रावेर स्टेशनाच्या फलाटावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असालच. गाडी येण्याआधी भोंग्यातून एक आवाज येतो. गाडीचे नाव, नंबर, फलाट सगळे तो नीट सांगतो. तो आवाज तुमच्या ओळखीचा असतो. पण बोलणारी व्यक्ती कोण, तिचे गाव कोणते, हे तुम्हांला ठाऊक नसते. घरी दूरदर्शनवर साबणाची जाहिरात लागते, तिच्यातही असा एक न दिसणारा माणूस बोलत असतो. परदेशी कार्टूनमधला उंदीर हिंदीत भांडतो, तेव्हा त्या उंदराच्या तोंडून मुंबईतला एखादा कलाकार बोलत असतो.

पडद्यावर न येता केवळ आवाजाने काम करणाऱ्या या लोकांना आपण आवाजाचे कलाकार म्हणू. दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाला किंवा पडद्यावरील नटाला आपला आवाज देणे म्हणजे डबिंग. चित्राच्या मागून माहिती सांगणे म्हणजे निवेदन. या कलाकारांमध्ये गुरू-शिष्याचे आणि मैत्रीचे नाते कसे असते, ते आज पाहू. ते आपल्या वर्गाच्याही फार उपयोगाचे आहे. कसे, ते पुढे कळेलच.

आधी एक छोटा प्रयोग करा. घरातल्या मोबाइलवर स्वतःचा आवाज भरा आणि ऐका. “हा माझा आवाज? शक्यच नाही!” असे तुम्ही म्हणाल. घरचे मात्र म्हणतील, “तुझाच आहे की!” खरे कोण? घरचे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून आपल्या कानांवर येतो, तसाच तो डोक्याच्या हाडांमधूनही कानाच्या आतल्या भागापर्यंत पोहोचतो. त्यामुळे आपल्याला स्वतःचा आवाज जरा भरदार वाटतो. जगाला तो तसा कधीच ऐकू येत नाही.

आता पाहा, ज्याचा आवाजच त्याचे पोट भरणारा आहे, त्याची केवढी अडचण! बोलत असताना तो आवाज इतरांना कसा ऐकू येतो, हे त्याला कळतच नाही. म्हणून स्टुडिओत काचेपलीकडे बसून कोणीतरी ऐकत असतो. “प आणि भ म्हणताना तोंडातला वारा मायक्रोफोनवर आदळतोय, तोंड जरा बाजूला घ्या.” “कागद उलटल्याचा आवाज आला, पुन्हा घेऊ.” “शब्द बरोबर आहेत, पण तुम्ही हसत नाही आहात.” हो, हसणेसुद्धा ऐकू येते, बरे का! ओठ ताणले की आवाज बदलतो. हे सांगणारा कान जर मायेचा असेल, तर नवखा माणूस लवकर तयार होतो.

असा मायेचा कान अमीन सयानी यांना घरातच मिळाला. तुमच्या आजी-आजोबांसमोर हे नाव घेऊन पाहा, त्यांचा चेहरा खुलेल. अमीन सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याचे काम करत. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी १९४० साली ‘रहबर’ नावाचे पत्र सुरू केले. त्याची भाषा एकच होती, साधी, बोलीतली हिंदुस्तानी; पण ते छापले जाई तीन लिप्यांत – उर्दू, नागरी आणि गुजराती. छोटा अमीन आईला या कामात मदत करी. तीन लिप्यांमधून एकच गोष्ट सर्वांना समजेल अशी सांगायची, हा धडा त्यांनी शाळेबाहेरच गिरवला. तुम्हीही घरी एक, शाळेत एक आणि बाजारात आणखी एक भाषा बोलता. तेव्हा या घराची गंमत तुम्हांला चटकन कळेल.

अमीन यांचे थोरले भाऊ हमीद सयानी हे इंग्रजीतले नामांकित निवेदक होते. त्यांनीच धाकट्या भावाला लहानपणी मुंबईच्या आकाशवाणीत नेले. तिथे अमीन इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेऊ लागले. पुढे देश स्वतंत्र झाला. आपण हिंदीत बोलावे असे अमीन यांना वाटू लागले. त्यांनी हिंदी निवेदकाच्या जागेसाठी आवाजाची परीक्षा दिली, आणि ते नापास झाले! वाचन चांगले आहे, पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छाया आहे, असे कारण सांगण्यात आले.

ते खट्टू होऊन भावाकडे गेले. हमीद यांनी काय करावे? वशिला लावावा? तसे काही त्यांनी केले नाही. त्यांनी धाकट्याला सांगितले की, रेडिओ सिलोनचे हिंदी कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होतात, तिथे जाऊन नुसते ऐकत बस. ही ध्वनिमुद्रणे सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारातील तांत्रिक संस्थेत होत, आणि अमीन त्याच महाविद्यालयात शिकत होते. वर्ग सुटला की ते स्टुडिओत जाऊन बसत.

तिथे बालगोविंद श्रीवास्तव नावाचे निर्माते होते. एके दिवशी जाहिरात वाचणारा माणूस आलाच नाही. श्रीवास्तवांनी बसलेल्या या मुलाला बोलावले आणि कागद हातात दिला. अमीन यांनी तो असा दणदणीत वाचला की श्रीवास्तवांनी कान झाकले. ही काही लष्कराची कवायत नाही, जरा हळू बोल, असे त्यांनी समजावले. पुन्हा वाचून घेतले. काम जमले. या कामाचा मेहनताना म्हणून दर आठवड्याला ओव्हल्टिनचा एक डबा मिळे. तुम्ही हसाल, पण सयानी स्वतः ही गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगत असत.

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. त्या दिवसांत आकाशवाणीने चित्रपटगीते फारच कमी केली होती, म्हणून लोक सिलोन लावत. नामांकित निवेदकांना या कामात रस नव्हता. पैसे थोडे होते, आठवड्याला अवघे २५ रुपये, आणि पत्रे वाचण्याचा व्याप मोठा. म्हणून ते काम एकोणीस वर्षांच्या अमीनकडे आले. पहिल्याच कार्यक्रमानंतर सुमारे ९ हजार पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला. बुधवारी रात्री गावोगावी रेडिओभोवती घोळके बसत. इतर लोक ‘भाइयो और बहनो’ म्हणत, सयानी ‘बहनो और भाइयो’ म्हणत. बहिणींना पुढे केल्याने सारे घर आपले झाले! सिलोनवर आणि नंतर विविध भारतीवर ही गीतमाला १९९४ पर्यंत चालली.

आता हमीद यांच्याकडे परत येऊ. १९७२ साली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ ही शाळकरी मुलांची इंग्रजी प्रश्नमंजूषा रेडिओवर सुरू झाली. प्रश्न विचारणारे होते हमीद. १९७५ साली ते वारले. मोकळी झालेली ती खुर्ची अमीन यांनी सांभाळली. ज्या इंग्रजीपासून ते दूर निघून आले होते, त्याच इंग्रजीत, भावाच्या जागी बसून ते मुलांना प्रश्न विचारू लागले. पहिल्या दिवशी त्यांना कसे वाटले असेल? मला हा प्रसंग गीतमालेपेक्षाही मोठा वाटतो.

पण सयानी यांच्याकडूनही एक दार बंद राहिले होते. एक उंच, सडपातळ तरुण आवाजाची परीक्षा देण्यासाठी त्यांच्या कचेरीत आला होता. आधी वेळ ठरवली नव्हती, आणि सयानी आठवड्याला कितीतरी कार्यक्रम करत होते. भेट झाली नाही. तो तरुण म्हणजे अमिताभ बच्चन! सयानी यांनी ही हकीकत स्वतः कितीदा सांगितली. गंमत अशी, की बच्चन यांचे चित्रपटातील पहिले कामही आवाजाचेच होते. १९६९ च्या ‘भुवन शोम’मध्ये ते दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.

कुणी विचारील, एका जाहिरातीला एकच आवाज लागतो, मग हे लोक एकमेकांना मदत का करतील? ते प्रतिस्पर्धीच नव्हेत का? आहेत. पण घसा ही फार नाजूक वस्तू आहे. आज सर्दी झाली तर उद्याचे काम दुसऱ्याला द्यावे लागते. असे काम आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकडे जावे असे प्रत्येकाला वाटते. शिवाय, खोटी स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. “तुझा शेवटचा शब्द गिळला गेला” असे सांगणारा मात्र त्याच धंद्यातला मित्र असतो.

पूर्वी डबिंग करताना तीन-चार कलाकार एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहत. पडद्यावर तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला जाई. नवखा कलाकार ज्येष्ठांच्या खांद्याला खांदा लावून उभा राही आणि श्वास कुठे घ्यावा, हे पाहून शिके. आता संगणकामुळे प्रत्येक जण आपापल्या वेळी येतो, एकटाच आपले संवाद म्हणून जातो. काम झटपट होते, हे खरे. पण शेजारी उभे राहून शिकणे गेले, याचे मला वाईट वाटते. काही घरांत ते अजून टिकले आहे. डबिंगच्या क्षेत्रात नाव असलेल्या लीला रॉय घोष यांनी आपली मुलगी मोना हिला या कामात आणले. ‘ओम शांती ओम’ (२००७) या चित्रपटात दीपिका पदुकोण पडद्यावर दिसते, पण आवाज आहे मोना घोष शेट्टी यांचा.

चूक दाखवणारा माणूस नेहमी गोडच बोलतो असे नाही. १९४७ च्या सुमाराची गोष्ट. संगीतकार अनिल विश्वास, दिलीपकुमार आणि तरुण लता मंगेशकर मुंबईच्या लोकलमधून चालले होते. ही मुलगी मराठी आहे असे कळल्यावर दिलीपकुमार म्हणाले की, मराठी लोकांच्या उर्दूला डाळ-भाताचा वास येतो. लताबाईंना ते फार बोचले. पण त्यांनी रुसून न बसता एका मौलवींकडून उर्दू शिकायला सुरुवात केली. पुढे त्याच दिलीपकुमारांना त्यांनी भाऊ मानले.

डाळ-भाताचा तो वास मलाही ठाऊक आहे, फक्त उलट्या बाजूने. मी बी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट. सराव पाठात मला रावेर तालुक्यातील पिकांविषयी सांगायचे होते. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, “आमच्याकडे शेतकऱ्यांनी खूप केली लावली.” वर्ग खो खो हसला. केळीच्या गावची मुलगी आणि तिला ‘केळी’ म्हणता येत नाही! मी आठ दिवस मराठीतून बोललेच नाही.

नवव्या दिवशी एक वर्गमैत्रीण जवळ येऊन बसली. शेतकऱ्याच्या घरची, लेवा बोली बोलणारी. ती म्हणाली, “अगं, आमच्या घरी तरी कुठं केळी म्हणतात? माझी आजी केयी म्हणते. मलाही शाळेत हसत होते.” मग तिने मला ळ शिकवला. तोच तुम्हांला सांगते. तुम्ही ‘लड़का’ म्हणता तेव्हा ड़ साठी जीभ वळून टाळूला लागते, होय ना? जीभ तिथेच ठेवा, आणि ल म्हणा. वारा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाऊ द्या. झाला ळ! आता या जोड्या मोठ्याने म्हणा: वेल आणि वेळ, माल आणि माळ, गाल आणि गाळ. पहिली कुंपणावर चढते, दुसरी निघून जाते. व्यापारी गाळ विकू लागला किंवा नवरीच्या गळ्यात माल घातला, तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. आपल्या तालुक्यातल्या ‘पाल’ गावाला मात्र ळ लावू नका, ते पालच आहे.

बदल्यात मी तिला क़ाफ आणि ग़ैन शिकवले. तिला ग़ज़लांचा शौक होता, पण ‘ग़म’ म्हणताना ती डिंकासारखा ‘गम’ म्हणायची. कॉलेजच्या मागच्या पायरीवर बसून आम्ही दोघी घशातून असे काही आवाज काढत असू की शिपाईकाका एकदा पाणी घेऊन धावत आले!

ती आता जळगावकडे एका शाळेत शिकवते. वर्गात नवा धडा घेण्याआधी मी तो मोबाइलवर वाचून तिला पाठवते. हा लेखही पाठवला. तिचे उत्तर आले: “ळ छान. पण ‘नाजूक’चा ज कुठल्या भाषेतला गं?” पुन्हा वाचून पाठवायचा आहे.