बेवारस ग्रंथ आणि स्वामित्वहक्क

साठ वर्षांपूर्वी छापलेले एखादे मराठी पुस्तक आज जुन्या वाचनालयात मागावे, तर ग्रंथपाल ते भीतभीतच हाती देतो. पान उलटताना कड तुटून येते. लेखक दिवंगत, प्रकाशनसंस्था बंद पडलेली, वारसांचा पत्ता नाही. अशा पुस्तकाविषयी आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्याने जी व्यवस्था केली आहे, ती लेखकाच्या हिताची नाही व वाचकाच्याही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1957 च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे हा हक्क राखला होता. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत 1991 अखेर संपू लागली, तेव्हा ती 60 वर्षांची करण्यात आली. एका महाकवीसाठी झालेली ही वाढ देशातील प्रत्येक विस्मृत कथालेखकाच्या पुस्तकाला चिकटली. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचे लेखन 2011 पासून सर्वांचे झाले. 1976 साली निवर्तलेल्या खांडेकरांचे 2037 साली होईल. या दोघांना प्रकाशक नेहमीच मिळतील. परंतु ज्या लेखकाच्या मृत्यूचे सालच कोणास ठाऊक नाही, त्याची मुदत मोजावी कशी?

2012 च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयांना आपल्याजवळील पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली, हे योग्यच झाले. मात्र ती प्रत गडहिंग्लजच्या वा दर्यापूरच्या वाचकाला घरबसल्या वाचावयास देण्याची मुभा तीत नाही. वारस न सापडणाऱ्या पुस्तकासाठी परवाना मिळू शकतो; पण तो मागण्यापूर्वी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावयाची, आणि मग वाणिज्य न्यायालयाची पायरी चढावयाची. मराठी लेखकाचा वारस इंग्रजी वृत्तपत्रातून शोधण्याची ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल! पाचशे प्रती काढणारा प्रकाशक एवढा खटाटोप करील कशाला?

नवे पुस्तक दुकानात येते न येते तोच त्याची नक्कल भ्रमणध्वनीवरून फिरविणाऱ्यांची तरफदारी आम्ही करीत नाही. ती चोरी आहे, आणि ती हयात लेखकाच्या पानातील घास काढून घेते. तेथे कायदा कठोरच हवा.

मात्र जे पुस्तक विक्रीस नाही व ज्याचा धनी सापडत नाही, ते सार्वजनिक वाचनालयाने मराठी वृत्तपत्रात सूचना देऊन वाचकांपुढे ठेवावे. वारस पुढे आल्यास त्याच्या शब्दाखातर ते मागे घ्यावे व त्याला वाजवी मोबदला द्यावा. मुदतही पुन्हा 50 वर्षांवर आणता येईल. बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराची मागणी तेवढीच आहे. राज्यातील वाचनालयांनी एकत्र येऊन या दुरुस्तीचा मसुदा करावा आणि तो आपल्या खासदारांच्या हाती द्यावा.