दगडावर चढणारी गाडी : खेळ पोराचा, काम कारागिराचे

रिमोटवर चालणारी मोटार आज कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात मिळते. ती फरशीवर भरधाव पळते, भिंतीला आपटते आणि महिनाभरात एखाद्या गिअरचा दात तुटला की माळ्यावर जाऊन पडते. ‘रॉक क्रॉलर’ या नावाने ओळखली जाणारी गाडी या जातीची नव्हे. तिला पळता येत नाही. माणसाच्या चालीने ती दगडधोंड्यांवर चढते. एक चाक हवेत गेले तरी उरलेल्या तिघांवर पुढे सरकते. अमेरिकेत, युरोपात आणि जपानात मोठी माणसे हा छंद करतात, तिच्यासाठी सुटे भाग वेगळे विकत घेतात, आणि त्यांतले बरेचसे भाग लेथवर आणि ड्रिलवर होणारे असतात. म्हणूनच या पानावर तिचा विषय काढला आहे.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याचे मामू भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात लेथ चालवतात. या भागात स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ, त्यांच्या यंत्रांची बुश-शाफ्टची आणि डायची किरकोळ कामे मामूंकडे येतात. मामूंच्या दोन्ही मुलांनी या धंद्याकडे पाठ फिरवली आहे. एक मॉलमध्ये आहे, दुसरा मोबाईलच्या दुकानात. माझा मुलगाही गाळ्यावर नेला की तेलाच्या वासाने दारातच उभा राहत असे. मे महिन्याच्या सुटीत त्याने रिमोटच्या गाडीचा हट्ट धरला, तेव्हा तयार गाडी न आणता निम्मी विकत घ्यायची आणि निम्मी बनवायची असे ठरले. मामूंनी एकच अट घातली. प्रत्येक भागाचे चित्र मापासह कागदावर हवे. तोंडी सांगितलेले काम होणार नाही.

विकत काय घ्यायचे आणि बनवायचे काय, हा धंद्याचाच प्रश्न आहे. गिअर बसवलेले पुढचे-मागचे ॲक्सल, गिअरबॉक्स, टायर, मोटार, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, पुढची चाके वळवणारी सर्व्हो मोटार आणि रेडिओ हे सारे विकतचेच घ्यावे. ते घरी बनवायला बसलो तर वर्ष जाईल. चासीच्या दोन पट्ट्या, ॲक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्या, बंपर, वजने आणि वरची बॉडी मात्र आपल्या हातची. मीरा रोडहून लोकल धरून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडवर वायर, स्विच, कनेक्टर, मोटारी मिळतात. बेअरिंग आणि तीन मिलिमीटरचे ॲलन बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर घ्यावेत. आमच्या गाडीला ५×११×४ आणि १०×१५×४ या मापांची बेअरिंगे लागली. माप लिहून नेले तर दुकानदार एका मिनिटात काढून देतो, नमुना हलवून दाखवत बसलो तर अर्धा तास जातो. चासी, ॲक्सल आणि टायर यांचे प्रमाण खऱ्या गाडीच्या एक दशांश असते. आमच्या दोन ॲक्सलमधले अंतर ३१३ मिलिमीटर होते, म्हणजे खऱ्या जीपमध्ये ते तीन मीटरच्या थोडे वर भरेल.

गाडीचा सगळा जीव गिअरमध्ये आहे. ‘५४०’ मापाची जी मोटार आम्ही घेतली तिच्या आर्मेचरवर ३५ वेढ्यांचे वायंडिंग आहे. मोटार वायंडिंग करणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगायला नको की वेढे कमी तर वेग जास्त, वेढे जास्त तर वेग कमी पण ओढ चांगली. ही मोटार मिनिटाला सुमारे १२ हजार फेरे घेते. पिनियनला १२ दात, मोठ्या गिअरला ४८, म्हणजे वेग चौथाई झाला. गिअरबॉक्समध्ये तो आणखी ३.३ पटीने उतरतो आणि ॲक्सलमध्ये ३ पटीने. पोराने वहीत गुणाकार केला : ४ × ३.३ × ३ = ३९.६. बारा हजारांना त्याने भागले तर चाकाचे फेरे मिनिटाला तीनशेच्या आसपास. टायरचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ३४ सेंटिमीटर पुढे जाते. तासाला सहा किलोमीटर. “एवढीशीच पळणार?” असे त्याने तोंड वाकडे करून विचारले. मामूंनी लेथचा लिव्हर बॅकगिअरला टाकला आणि चकवर हात ठेवून मोटार बंद असताना ते फिरवायला सांगितले. फिरेना. वेग जेवढ्या पटीने उतरतो, घर्षणात जाईल तेवढे वजा करता, पीळ तेवढ्या पटीने चढतो. हे त्याला पुस्तकातून कळले नसते असे नाही, पण मनगटाला कळले ते वेगळे.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. रस्त्यावरच्या गाडीत वळताना बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून डिफरन्शियल असते. तेच चाक हवेत उचलले गेले की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकात वाया जाते. चिखलात रुतलेला ट्रक पाहिलेल्याला हे ठाऊक आहे. क्रॉलरमध्ये दोन्ही ॲक्सलची डिफरन्शियले पक्की बांधलेली असतात, चारही चाके एकदमच फिरतात. वळण त्यामुळे मोठे घ्यावे लागते. त्याला इलाज नाही.

चासीसाठी दीड मिलिमीटरची स्टेनलेसची पट्टी भंगारातून निवडली आणि काटकोनात वाकवून घेतली. ॲक्सल धरणाऱ्या दांड्या सहा मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम सळईच्या. त्यांना दोन्ही टोकांना अडीचचे ड्रिल मारून तीनचे आटे पाडायचे होते. ॲल्युमिनियमला आटे पाडताना घाई केली की टॅप आतच मोडतो; अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि रॉकेलचा थेंब. पोराने आठपैकी शेवटच्या तीन दांड्या स्वतः केल्या. वरची बॉडी सनबोर्डची केली, कारण वरचा भाग जितका हलका तितकी गाडी कमी कोलमडते. नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमच्या पट्ट्या आणून त्याने ती सजवली. तो भाग त्याचा स्वतःचा, त्यात आम्ही पडलो नाही.

आता वजनाचे. पुढची चाके स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवून पाहिले. एकूण २,३०० ग्रॅमपैकी पुढे १,१५० ग्रॅम, म्हणजे बरोबर निम्मे. चढ चढणाऱ्या गाडीला हे चालत नाही, तिचे नाक जड हवे. बाहेरच्या देशांत त्यासाठी चाकाच्या आत बसणाऱ्या पितळी रिंगा विकल्या जातात. पितळ आपल्या गाळ्यात होतेच. पोराने चित्र काढले : बाहेरचा व्यास ४६, आतला ३०, रुंदी १८ मिलिमीटर. मामूंनी चष्मा वर करून विचारले, “छेचाळीस म्हणजे किती? किती कमी-जास्त चालेल?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. रिंग घट्ट झाली तर प्लॅस्टिकची रिम तडकेल, सैल झाली तर चाक डुगडुगेल. मग काम कोणाच्या नावावर? व्हर्निअर घेऊन तो चारही रिमा मोजत बसला. सर्वांत लहान ४६.३ निघाली. मग त्याने लिहून आणले : ४६, वर काही नाही, खाली दहावा भाग चालेल. मामूंनी लगेच जॉब चकमध्ये धरला. एक रिंग १४५ ग्रॅमची झाली. दोन्ही बसवल्यावर एकूण वजन २,५९० आणि पुढे १,४४०. टक्केवारी ५५ च्या थोडी वर. बॅटरी नऊ सेंटिमीटर पुढे सरकवली, तेव्हा हिशेब साठ टक्क्यांपर्यंत आला.

चाचणी आधी गच्चीवर घेतली. एक मीटर लांबीची फळी, तिच्यावर जाड पॉलिश पेपर चिकटवलेला आणि मध्यभागी दोन इंचांची लाकडी पट्टी आडवी ठोकलेली. फळीचे टोक थोडे थोडे उचलत जायचे आणि उंची लिहून ठेवायची. वजने नसताना ५५ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे सुमारे ३३ अंशांच्या चढाला, पट्टी ओलांडताना गाडीचे नाक उठले आणि ती पालथी झाली. वजने बसवून बॅटरी सरकवल्यावर ती ६८ सेंटिमीटरपर्यंत गेली, म्हणजे जवळजवळ ४३ अंश. शाळेत अजून न आलेली ज्या-कोज्या त्याने मोठ्या बहिणीच्या कोष्टकातून शोधून काढली. दुसरे एक दुखणे या फळीवरच दिसले : चढताना चासी दर वेळी एकाच अंगाला कलत होती. मोटारीचा पीळ लांबट शाफ्टमधून मागच्या ॲक्सलकडे जातो तेव्हा उलटा धक्का चासीला बसतो. त्या अंगाची स्प्रिंग थोडी कडक घातल्यावर कल पुष्कळ कमी झाला, पुरता गेला नाही.

खरी परीक्षा उत्तनच्या किनाऱ्यावर. भाईंदर पश्चिमेहून बसने जाता येते. ओहोटीची वेळ पाहून गेलो, तेव्हा काळा खडक उघडा पडला होता. कोरड्या खडकावर गाडी मजेत चढली. शेवाळलेल्या दगडावर चारही चाके नुसती फिरत राहिली. टायरमधला फोम मऊ आणि रबर मऊ असले की टायर दगडाच्या आकाराला लपेटतो, पण शेवाळापुढे कोणाचेच चालत नाही. एका फटीत पुढचे चाक अडकले, आणि पोर स्टिअरिंग दाबूनच उभा राहिला. अशा वेळी सर्व्हो जळते. चाक अडले की हात सोडायचा, थोडे मागे यायचे, दुसरी वाट शोधायची. तीन तासांत तो हे शिकला. घाईने जे दगड त्याला जमत नव्हते ते हळू घेतल्यावर जमू लागले. घरी आल्यावर गोड्या पाण्याने फडका ओला करून सगळे पुसले, बेअरिंगे काढून तेल दिले. समुद्राची खार एका रात्रीत बेअरिंग धरते.

बॅटरीबद्दल दोन शब्द स्पष्टच लिहितो. ‘लिपो’ बॅटरी हलकी आणि जोरकस असते, पण जास्त चार्ज झाली, भोसकली गेली किंवा एका सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेला तर फुगते, पेटही घेते. लहान मुलाच्या गाडीत आम्ही सहा सेलची, ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घातली. ती जड आहे, पण क्रॉलरला वजनाचे वावडे नाही. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते, ती आधी पाहावी. चार्जिंग मोठ्या माणसाने करावे, आणि रात्री लावून झोपू नये.

धंद्याच्या बाजूने पाहता जपानची तामिया कंपनी आपल्या लोकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. शिझुओका शहरात १९४६ साली ती लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. १९५१ मध्ये आगीत सगळे गेले. लाकडी नमुन्यांचे संच विकून घर सावरले, १९५३ मध्ये इमारती लाकूड सोडून दिले, आणि १९७६ मध्ये पहिली रेडिओवरची मोटार बाजारात आणली. १९८७ च्या तिच्या ‘क्लॉड बस्टर’ ट्रकला प्रत्येक ॲक्सलवर वेगळी मोटार होती. हौशी लोकांनी तोच कापून-जोडून खडकावर चढवला. पुढे अमेरिकेतल्या ॲक्सिअलने आणि २०१७ मध्ये ट्रॅक्ससने खास क्रॉलर काढले. सुटे पितळी भाग विकणाऱ्या लहान कारखान्यांना त्यातूनच काम मिळाले.

आपल्याकडे यावर घर चालेल असे मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक थोडे आहे. मात्र दुरुस्तीचे काम नक्की आहे : दात गेलेले पिनियन, झिजलेले ब्रश, सुटलेले डाग, अशा कारणांनी पडून राहिलेल्या महागड्या गाड्या घरोघर आहेत. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, तेव्हापासून जुनी गाडी दुरुस्त करून घेण्याकडे लोकांचा ओढा वाढणे साहजिक आहे. मामूंनी रिंगांचा एक लहान लॉट काढून ठेवला आहे. काठाची धार मोडायचे काम पोराकडे आहे, आणि मागच्या ॲक्सलच्या वजनाचे नवे चित्र त्याने आणून दिले, त्यात कमी-जास्तीचा आकडा आधीच होता.

विकायला बसण्यापूर्वी मात्र कायदा पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यांच्या हस्तकलेच्या खेळण्यांपुरती सूट आहे, पण मोटार-बॅटरीची गाडी त्यात बसेल असे धरून चालू नये. घरी आपल्या पोरासाठी बनवणे वेगळे आणि दुकानात मांडणे वेगळे. २.४ गिगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या रेडिओला २००५ पासून वापरण्याचा परवाना लागत नाही, तरी बाहेरून माल मागवणाऱ्याला दूरसंचार खात्याची मंजुरी पाहावी लागते. दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा चिन्ह आपल्या पितळी भागावर कोरू नये. ‘अमुक गाडीला बसेल’ एवढे पाकिटावर लिहिणे पुरे. नुसते सुटे भाग विकायचे असतील तर ते खेळणे ठरते की नाही, हे भारतीय मानक ब्युरोच्या अंधेरी पूर्वेच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे, आणि पहिली ऑर्डर त्यानंतरच घ्यावी.