बसथांबे किती अंतरावर असावेत?

बसमध्ये बसलो की वाटते, ही किती ठिकाणी थांबते! खाली उभे असलो की वाटते, थांबा आपल्या दारातच हवा. आम्ही ज्येष्ठ मंडळी दोन्हीकडे असतो, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

इंदूरमध्ये 2013 साली एबी रोडवर आयबस सुरू झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हे सुमारे साडेअकरा किलोमीटर आणि स्थानके 21. म्हणजे दोन स्थानकांत सरासरी पावणेसहाशे मीटर. 2025 मध्ये ती स्वतंत्र मार्गिका काढायला सुरुवात झाली, तेव्हा थांबे कुठे असावेत हा प्रश्न पुन्हा आपल्यापुढे आला.

समजा, 8 किलोमीटरच्या मार्गावर दर 400 मीटरला थांबा आहे. तो 800 मीटरवर नेला, तर 20 चे 10 थांबे होतात. थांबणे, दार उघडणे, पुन्हा वेग घेणे याला प्रत्येकी अर्धे मिनिट धरले, तर 5 मिनिटे वाचतात. ही जमा.

आता खर्च. थांब्यापर्यंतचे सरासरी चालणे 100 मीटरवरून 200 मीटर होते. चढताना 100 आणि उतरल्यावर 100, असे 200 मीटर जास्त. तरुणाला अडीच मिनिटे लागतात, गुडघे दुखणाऱ्या आजींना चार-पाच. शेवटपर्यंत जाणारा विद्यार्थी फायद्यात राहतो. दोन किलोमीटर जाणाऱ्या आजींची मात्र सव्वा मिनिट वाचते आणि चार मिनिटे जातात.

एक रक्कम मात्र नोंदवायची राहून जाते. फेरी लवकर संपली, तर तीच बस दिवसात जास्त फेऱ्या करू शकते आणि वाट पाहणे सर्वांचेच कमी होते. पण फेऱ्या खरोखर वाढवल्या तरच! नाहीतर आजींचे चालणे तेवढे वाढते.

म्हणून आम्हांला वाटते, दाट वस्तीत 400 ते 500 मीटर अंतर ठीक. रुग्णालय, बाजार, शाळा यांच्यापाशी मात्र नियम बाजूला ठेवून थांबा द्यावा. तिथे सावली, बाकडे आणि रस्ता ओलांडण्याची सोयही हवी. थांबा हलवण्यापूर्वी तिथे कोण चढते-उतरते, हे आठवडाभर मोजावे.

आपल्या भागातला थांबा हलणार असेल, तर घरच्या ज्येष्ठांना आधी विचारा आणि त्यांचे म्हणणे लेखी कळवा. सरासरीच्या आकड्यात त्यांचे गुडघे दिसत नाहीत.