इंग्रजीतील सदृश शब्द आणि त्यांचे लॅटिन मूळ

उच्चाराने किंवा स्पेलिंगने मिळतेजुळते, परंतु अर्थाने भिन्न असे अनेक शब्द इंग्रजीत आहेत. त्यांपैकी पुष्कळ शब्द लॅटिनमधून, बहुधा फ्रेंचमार्गे, इंग्रजीत आले. मराठी वाचकाची अडचण येथे दुहेरी असते. देवनागरी लेखन उच्चारानुसारी असल्यामुळे इंग्रजीत स्पेलिंगने वेगळे राहणारे शब्द मराठीत एकरूप होतात. नुसते ‘प्रिन्सिपल’ लिहिले तर प्राचार्य, कर्जाचे मुद्दल की तत्त्व, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. तरीही अशा जोड्यांच्या बाबतीत भर असतो तो पाठांतरावरच.

संस्कृतशी नाते

विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा असे प्रतिपादन केले. या नात्यामुळे काही लॅटिन शब्दांचे सोयरे मराठी वाचकाला आधीच परिचित असतात. लॅटिन ‘प्रिमुस’ आणि संस्कृत ‘प्रथम’ एकाच कुळातील. त्या ‘प्रिमुस’पासून बनलेल्या ‘प्रिन्सेप्स’ या शब्दातून ‘मुख्य’ या अर्थाचे विशेषण आणि ‘आरंभ’ या अर्थाचे नाम निघाले. पहिल्यापासून प्राचार्य व मुद्दल, दुसऱ्यापासून तत्त्व.

‘कॉम्प्लिमेंट’ची कथा अधिक रंजक आहे. लॅटिन ‘प्लेरे’ म्हणजे भरणे. संस्कृत ‘पूर्ण’ व ‘पूरक’ त्याचेच भाऊबंद. मधल्या अक्षरात ‘ई’ असलेला शब्द पूरक वस्तू दाखवतो. ‘आय’ असलेला शब्द स्पॅनिश व इटालियन भाषांतून फिरून आला आणि शिष्टाचाराची पूर्तता, पुढे प्रशंसा, असा अर्थ घेऊन बसला. भूमितीत मात्र ‘कॉम्प्लिमेंटरी’ कोनांना कोटिकोन म्हणतात. पूरक कोन हे नाव ‘सप्लिमेंटरी’ कोनांचे आहे. अर्थात ‘सप्लिमेंट’ही ‘प्लेरे’चेच अपत्य.

मूळ अपुरे पडते तेथे

‘स्टेशनरी’च्या बाबतीत व्युत्पत्तीचा उपयोग मर्यादित आहे, कारण ‘स्थिर’ आणि ‘लेखनसाहित्य’ हे दोन्ही अर्थ लॅटिन ‘स्तारे’ या एकाच क्रियापदापर्यंत जातात. संस्कृत ‘स्था’ धातू त्याचाच सगोत्र. मध्ययुगीन युरोपात पुस्तकविक्रेता फेरीवाल्याप्रमाणे हिंडत नसे. त्याचे दुकान एका जागी असे, म्हणून तो ‘स्टेशनर’. लेखनसाहित्याच्या स्पेलिंगमधील ‘ई’ या ‘स्टेशनर’मधूनच आली, स्थिर या अर्थाच्या शब्दात तेथे ‘ए’ असतो.